नित्याचीं सुखें

'तुम्हांला काय आवडतें?' हा प्रश्न दिसावयास अगदीं सोपा आहे. परंतु तो कोणी एकाएकीं विचारला म्हणजे भल्याभल्यांची त्रेधा उडते. ज्याला आपल्या मिळकतीचा हिशेब पैपर्यंत पाठ असतो, जो राजकारणावर तासचे तास बोलूं शकतो, तोहि येथें घुटमळतो आणि शेवटीं 'तसें सगळेंच आवडतें' असें म्हणून वेळ मारून नेतो. पण सगळेंच आवडणें म्हणजे कशाकडेहि नीट लक्ष न देणें होय. ज्याला एखादी वस्तु खरोखर आवडते त्याला तिची वेळ ठाऊक असते, तिच्यांतील बारकावे ठाऊक असतात, आणि ती कां आवडते हेंहि थोडेंफार सांगतां येतें.

आज मी जें बोलणार आहें तें मोठ्या सुखांविषयीं नव्हे. घर बांधून होणें, मुलीचें लग्न पार पडणें, मुलाला चांगली नोकरी लागणें हीं मोठीं सुखें खरीं. परंतु आयुष्यांत तीं दोन-चार वेळां येतात आणि येतांना काळजीचें ओझेंहि बरोबर आणतात. मला सांगावयाचें आहे तें नित्याच्या सुखांविषयीं. तीं फुकट किंवा जवळजवळ फुकट मिळतात, रोज किंवा ऋतूऋतूला येतात, आणि त्यांची नोंद कोणत्याहि वहींत होत नाहीं. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, सारा जन्म शाळेंत काढलेला मास्तर आहें. कोणत्याहि गोष्टीचें 'कां?' विचारावयाची खोड मला जडलेली आहे, आणि माझा अनुभव असा कीं, आवडत्या वस्तूचें कारण समजलें म्हणून तिची गोडी उणी होत नाहीं. म्हणून प्रथम माझ्या आवडीच्या तीन वस्तु त्यांच्या कारणांसह सांगतों. मग आवड बोथट कां होते आणि ती वांटल्यानें काय होतें, याचा विचार करूं.

पहिली वस्तु म्हणजे मातीचा माठ. चैत्र लागला कीं बाजारांतून नवा माठ आणावा, वाजवून पाहावा, एक दिवस पाण्यानें भरून ठेवून तें पाणी टाकून द्यावें, आणि मग तो तिवईवर वारा येईल अशा जागीं मांडावा. पहिले दोन-तीन दिवस पाण्याला मातीचा वास येतो. कोणी त्यांत वाळ्याची जुडी सोडतात. उन्हांतून आल्यावर त्या पाण्याचा पहिला घोंट घशाखालीं उतरतो तेव्हां मनुष्य क्षणभर डोळे मिटतो.

आतां हा माठ करतो तरी काय? त्याच्या भाजलेल्या मातींत असंख्य बारीक छिद्रें असतात. आंतलें पाणी त्यांतून पाझरून बाहेरच्या अंगावर येतें आणि वाऱ्यानें त्याची वाफ होते. पाण्याची वाफ होण्यास उष्णता लागते, आणि ती उष्णता माठांतील उरलेल्या पाण्याकडून घेतली जाते. उन्हाळ्याच्या हवेंत एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारें ५८० कॅलरी खर्ची पडतात. एक लिटर पाणी दहा अंशांनीं थंड व्हावयाचें तर त्यांतून दहा हजार कॅलरी जावयास हव्यात. म्हणजे हिशेबाप्रमाणें सुमारें १७ ग्रॅम पाणी, चहाचे तीन-साडेतीन चमचे, हवेला दिलें कीं काम झालें! बाहेरची उष्णता आंत शिरत असल्यामुळें प्रत्यक्षांत खर्च याहून अधिक होतो; तरी सौदा स्वस्तच म्हणावयाचा. हवा कोरडी असली म्हणजे वाफ झपाट्यानें होते. म्हणून नागपूरच्या मे महिन्यांत माठ जें काम करतो तें रत्नागिरीच्या दमट हवेंत त्याला साधत नाहीं. दोन-तीन उन्हाळे गेले कीं पाण्यांतील क्षारांनीं छिद्रें बुजतात आणि माठ 'म्हातारा' होतो. शीतकपाटांतील पाणी थंड असतें हें खरें; पण तें सर्व ऋतूंत सारखेंच थंड. माठाचें तसें नाहीं. हवा जितकी कोरडी आणि रखरखीत, तितका तो अधिक झटतो. अडचणीच्या वेळीं अधिक उपयोगीं पडणारा हा स्वभाव माणसांत दुर्मिळ आहे, म्हणून मला तो माठांत विशेष आवडतो.

दुसरी वस्तु हातांत धरतां येत नाहीं. ती म्हणजे वळवाच्या पहिल्या सरीनें उठणारा मातीचा सुगंध. संस्कृत जाणणारे त्यास मृद्गंध म्हणतात. कनोज येथील अत्तरवाल्यांनीं तर त्याला कुपींत धरण्याची युक्ति काढलेली आहे. भाजलेल्या मातीच्या चकत्या तांब्याच्या डेगींत पाण्याबरोबर उकळावयाच्या, आणि निघणारी सुगंधी वाफ चंदनाच्या तेलांत जिरवावयाची. हें 'मिट्टीचें अत्तर' पिढ्यान्‌पिढ्या निघत आलें आहे. शास्त्राचें लक्ष या वासाकडे पुष्कळ उशीरां गेलें. १९६४ सालीं इझाबेल बेअर व रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियांतील दोघां शास्त्रज्ञांनीं 'नेचर' या नियतकालिकांत त्यावर निबंध लिहिला आणि त्याला 'पेट्रिकोर' असें नांव दिलें. कोरड्या दिवसांत वनस्पतींपासून आलेलीं तैलद्रव्यें दगडमातींत मुरून राहतात, आणि ओल लागतांच तीं सुटतात, असें त्यांस आढळलें. त्यांत आणखी एक भर पडते ती जिओस्मिन या द्रव्याची. मातींत राहणारे स्ट्रेप्टोमायसिस जातीचे सूक्ष्म जंतु तें तयार करतात. क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन हें औषध १९४३ सालीं याच कुळांतील जंतूपासून मिळालें. जिओस्मिनच्या बाबतींत माणसाचें नाक विलक्षण तीक्ष्ण आहे. पाण्याच्या एक लाख कोटि भागांत त्याचे पांच-दहा भाग असले तरी तें ओळखूं येतें. बीटाच्या कंदाला जो मातकट वास येतो तोहि याचाच.

पण मातींत दडलेला वास नाकापर्यंत पोंचतो कसा? २०१५ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशिक्षण संस्थेंतील संशोधकांनीं अतिवेगवान् कॅमेऱ्यानें पावसाच्या थेंबाचीं चित्रें घेतलीं. थेंब सच्छिद्र जमिनीवर आपटला कीं त्याच्या खालीं हवेचे सूक्ष्म बुडबुडे अडकतात, ते वर चढून फुटतात, आणि सोड्याच्या बाटलींतल्यासारखे बारीक तुषार हवेंत उडतात. त्या तुषारांबरोबर मातींतील द्रव्यें वाऱ्यावर स्वार होतात. पाऊस हलका किंवा मध्यम असला तर हें अधिक घडतें, मुसळधार असला तर कमी. म्हणजे पहिल्या शिडकाव्यालाच हा वास कां यावा आणि श्रावणांतील झडीला कां येऊं नये, याचा उलगडा बराचसा होतो.

या वासाविषयीं एक घरगुती गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०२१ च्या एप्रिलांत मला करोनाचा आजार झाला. आजार सौम्य होता, पण घ्राणशक्ति पार गेली. चहा म्हणजे गरम गोड पाणी, आणि वरण म्हणजे मऊ पदार्थ, इतकेंच काय तें कळत असे. मे महिन्याच्या अखेरीस वळवाची सर आली. मी पायरीवर बसलों होतों. माती भिजून काळी होत असलेली डोळ्यांना दिसत होती, थेंबांचा आवाज ऐकूं येत होता, गार वारा अंगाला लागत होता. पण जी वस्तु यावयाची ती आली नाहीं. माझी पत्नी स्वयंपाकघरांतून बाहेर येऊन दारांत उभी राहिली. माझ्याकडे पाहून ती म्हणाली, "अहो, आला बरं का! थोडा ओल्या भुईमुगाच्या शेंगांसारखा, थोडा नव्या माठासारखा." आमच्या लग्नाला तेव्हां तीस वर्षांवर काळ लोटला होता. इतके पावसाळे आम्हीं एकाच दारांत काढले. परंतु त्या वासाविषयीं आमच्यांत कधीं एक वाक्य झालें नव्हतें. दोघांनाहि तो येत होता, मग बोलावयाचें तें काय? तिच्या त्या दोन उपमांनीं वास कांहीं परत आला नाहीं, हें उघड आहे. पण तो कोठेंतरी आहे, आणि माझ्या वांटणीचा कोणीतरी घेऊन मला सांगत आहे, एवढ्यानें मन निवलें. पुढें दोन महिन्यांनीं नाक हळूहळू परतलें. प्रथम ओळख पटली ती फोडणींतल्या हिंगाची.

नाकाच्या सुखाचा स्मरणाशीं एवढा दाट संबंध कां, यालाहि कारण आहे. डोळे, कान व त्वचा यांच्या वार्ता मेंदूंतील एका मध्यवर्ती ठाण्यांतून वांटल्या जातात. वासाची वार्ता मात्र त्या ठाण्यांत न थांबतां भावना व स्मृति यांच्या केंद्रांकडे थेट जाते. म्हणून एखादा वास नांव आठवण्यापूर्वींच आजोळचें माजघर समोर उभें करतो.

तिसरी वस्तु झोपाळा. पितळी कड्यांचा, सागवानी फळीचा, जुन्या वाड्यांतून ओटीवर किंवा माजघरांत असणारा. आतांच्या घरांत त्याला जागा मिळणें कठीण. परंतु ज्यांच्याकडे तो आहे त्यांनीं त्याचा मान राखावा. झोपाळा हा एक लंबक आहे. झोका लहान असेपर्यंत त्याचा काल वर बसणाऱ्याच्या वजनावर मुळींच अवलंबून नसतो, तो कड्यांच्या लांबीवर असतो. लांबी दोन मीटर असली तर एक पूर्ण झोका सुमारें २.८ सेकंदांचा. त्यावर ऐंशी किलोचे आजोबा बसोत कीं पंधरा किलोची नात बसो, झोपाळा दोघांनाहि एकाच तालावर घेतो. एवढी समता अन्यत्र सहसा पाहावयास मिळत नाहीं! दुपारच्या वेळीं त्यावर डोळा लागतो, तोहि उगाच नव्हे. जिनिव्हा येथील संशोधकांनीं २०११ सालीं बारा निरोगी पुरुषांना दुपारीं स्थिर पलंगावर व मंद हलणाऱ्या पलंगावर निजवून पाहिलें. हलणाऱ्या पलंगावर त्यांना झोंप लवकर लागली आणि अधिक गाढ लागली. पाळण्याची दोरी ओढणाऱ्या आईला हें कोणी शिकविलें नव्हतें.

असो. माझी यादी येथें थांबवितों, नाहींतर गवती चहा, कोऱ्या वहीचें पहिलें पान, उन्हांत वाळविलेल्या गोधडीची ऊब असें करतां करतां घड्याळाचा कांटा मला हटकील. आतां अधिक महत्त्वाच्या भागाकडे वळूं.

हीं सुखें स्वस्त असूनहि आपण सुखी कां नसतों? याचें कारण संवय. नाकाला एखादा वास सतत आला तर कांहीं मिनिटांत तो येईनासा होतो. मनाचेंहि तसेंच आहे. कोणत्याहि सुखाची संवय झाली कीं त्याचें सुखपण विरतें आणि केवळ त्याचा अभाव तेवढा बोंचतो. पंखा चालू असतांना कोणी त्याचे आभार मानीत नाहीं. वीज गेली म्हणजे मात्र घरभर ओरड होते. यावर अधिक मोठें, अधिक महाग सुख शोधणें हा उपाय पुष्कळजण करतात. पण नव्या सुखाचीहि संवय तितक्याच लवकर होते, आणि मनुष्य पुन्हां पहिल्या जागेवर येतो.

आपल्या वडीलधाऱ्यांनीं यावर वेगळा उपाय योजिला होता, आणि त्याला व्रताचें रूप दिलें होतें. चातुर्मासांत एखादी वस्तु सोडावयाची. पुष्कळ घरांत आषाढापासून वांगें वर्ज्य होत असे, आणि मार्गशीर्षांत चंपाषष्ठीच्या दिवशीं खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून मगच तें ताटांत येई. त्या दिवशींच्या भरिताची चव ज्यानें चाखली आहे त्याला विचारा! निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचा धूर, कांद्याची पात, तेलाची धार, आणि चार-पांच महिन्यांची वाट पाहणें हा त्यांतला मुख्य मसाला. यामागें धर्मभावना होती हें खरें. पण रसनेची धार राखण्याचें शहाणपणहि त्यांत होतें. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय प्रयोगांत कांहीं लोकांना आठवडाभर चॉकलेट वर्ज्य करण्यास सांगितलें, आणि कांहींना पाहिजे तितकें खाण्याची मोकळीक दिली. आठवड्यानंतर सर्वांना पुन्हां चॉकलेट दिलें, तेव्हां ज्यांनीं तें सोडलें होतें त्यांना त्याची गोडी अधिक वाटली. प्रयोगशाळेला जें आठवड्यांत आढळलें तें आमच्या आज्यांना चंपाषष्ठीला दरसाल आढळत होतें.

सुखाची धार राखण्याचा दुसरा उपाय म्हणजे तें वांटून घेणें. येथेंहि एक प्रयोग सांगतों. २०१४ सालीं अमेरिकेंतील येल विद्यापीठांत विद्यार्थ्यांना चॉकलेट चाखावयास दिलें. एका वेळीं शेजारचा मनुष्यहि तेंच चॉकलेट चाखीत होता. दुसऱ्या वेळीं तो चित्रें पाहत बसला होता. दोघांनीं आपसांत एक शब्दहि बोलावयाचा नव्हता. तरीसुद्धां, दोघे मिळून चाखीत असतांना तें अधिक चांगलें लागलें. पण गंमत पुढेंच आहे. कडवट चॉकलेट दिलें तेव्हां मिळून चाखल्यानें तें अधिक नकोसें वाटलें. म्हणजे सोबत ही साखर नव्हे. ती भिंग आहे. जें असेल तें ती मोठें करून दाखविते, कारण सोबतीनें आपलें लक्ष त्या वस्तूवर स्थिर होतें.

यावरून एक सावधगिरीहि निघते. आवड वांटणें वेगळें आणि आवड लादणें वेगळें. स्वतःला कारलें आवडतें म्हणून दुसऱ्याच्या पानांत तें आग्रहानें वाढणें हें वांटणें नव्हे. आपली आवड सांगावी, ती कां आवडते तें सांगावें, आणि मग दुसऱ्याची ऐकावी. यांतील तिसरी गोष्ट आपल्याकडे फार थोडी घडते.

मी शाळेंत असतांना मुलांना 'माझा आवडता पक्षी' हा निबंध घालण्याची चाल होती. वर्गांतील निम्म्या मुलांना मोर आवडे आणि उरलेल्यांना पोपट; कारण छापील पुस्तकांत तेवढेच दोन होते. मोर तर त्यांतील बहुतेकांनीं पाहिलेलाहि नसे. एके वर्षीं मीं विषय बदलला. 'आज सकाळपासून तुला बरी वाटलेली एक गोष्ट, पांच ओळींत.' मुलें प्रथम गोंधळलीं, पण मग लिहूं लागलीं. एकानें लिहिलें, नुकत्याच इस्त्री केलेल्या सदऱ्याची ऊब. एका मुलीनें लिहिलें, उन्हांतून आल्यावर शहाबादी फरशीला गाल लावून पडणें. एकानें, दूध तापवलेल्या पातेल्याची खरवड. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या, पण नक्कल केलेला निबंध एकहि नव्हता.

पुढच्या आठवड्यांत मीं विषय दिला, 'माझ्या आईला काय आवडतें?' यावेळीं वर्ग बराच वेळ गप्प बसून राहिला. बहुतेकांनीं लिहिलें, 'मीं अभ्यास केलेला आईला आवडतो', 'आम्ही पोटभर जेवलेलें आईला आवडतें.' एकानें प्रामाणिकपणें लिहिलें, 'विचारून सांगतों.' दुसऱ्या दिवशीं त्यानें येऊन सांगितलें, "गुरुजी, आईला विचारलं. ती म्हणाली, 'मला कुठं काय आवडायचंय, जा.' मग रात्रीं झोंपतांना म्हणाली, 'जाईचा गजरा आवडतो, सांग तुझ्या गुरुजींना.'"

श्रोतेहो, त्या मुलाचें हें उत्तर मी कधीं विसरलों नाहीं. विचार करा, कोणाला भात मऊ लागतो, कोणाला मोकळा. कोणाला साय चालते, कोणाला ती पाहिलेली खपत नाहीं. कोणाची पोळी तव्यावरून थेट पानांत पडावी लागते. घरांतील प्रत्येकाच्या आवडीचें हें सारें दफ्तर जिच्या डोक्यांत असतें, तिच्या स्वतःच्या आवडीचें पान त्यांत बहुधा कोरेंच राहतें. न विचारलेली आवड हळूहळू बोलणें सोडते, आणि मग असणेंहि सोडते. 'मला काय, कांहींहि चालतें' हें वाक्य स्वभावाचें वाटूं लागतें. वृद्धांचीहि तीच गत. त्यांना औषधाची वेळ विचारली जाते, झोंप लागली कीं नाहीं हें विचारलें जातें; आज काय बरें वाटलें हें क्वचितच विचारलें जातें. अन्न, वस्त्र व औषध यांत कांहीं उणें नसतांहि मनुष्य घरांत एकटा पडतो तो येथें.

म्हणून शेवटीं एक सूचना करितों. 'तुम्हांला काय आवडतें?' असा मोघम प्रश्न विचारूं नये; त्यानें मनुष्य गोंधळतो, हें आरंभींच सांगितलें. प्रश्न लहान करावा. रात्रीं पानें मांडलीं कीं प्रत्येकानें आजच्या दिवसांतील बरी वाटलेली एकच गोष्ट सांगावी. आणि ती खरी असावी, थोर असण्याची गरज नाहीं. वेळेवर आलेली बस, खिडकींतून आलेला दुसऱ्याच्या घरच्या फोडणीचा वास, वर्षभरानें सांपडलेलें पेनाचें टोपण, कांहींहि चालेल. कोणी हंसूं नये, कोणी सुधारूं नये. आरंभ सर्वांत शेवटीं जेवावयास बसणाऱ्या व्यक्तीपासून करावा, आणि त्यासाठीं तिला त्या दिवशीं सर्वांबरोबर बसवावें. पहिल्या रात्रीं 'कांहीं नाहीं बाई' असेंच उत्तर येईल. तेवढ्यानें थांबूं नये. दुसऱ्या दिवशीं पुन्हां विचारावें. गजऱ्याचें नांव निघावयास त्या मुलालाहि रात्रीपर्यंत थांबावें लागलें होतें.